झील धरणारे

पोवाडा रंगात आला की सगळ्यांचे डोळे शाहिरावर असतात. फेटा, छातीशी धरलेला डफ, वर गेलेला हात. माझी नजर मात्र त्याच्या मागे, जरा डावीकडे उभ्या असलेल्या दोघा-तिघांवर जाऊन थांबते. एकाच्या हातात तुणतुणं, एकाच्या हातात झांजा, एकजण नुसताच कानावर हात ठेवून उभा. शाहिराची ओळ संपता संपता तिचा शेवट उचलायचा, 'जी जी रं जी' करत तो लांबवायचा आणि तेवढ्यात शाहिराला दम खाऊ द्यायचा, हे त्यांचं काम. हे झीलकरी. पत्रिकेवर त्यांची नावं नसतात, 'आणि सहकारी' असतं.

गाणारी माणसं आणि राजकारण असा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे फोटो येतात. डफ घेतलेले अण्णाभाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक. इंग्रजी वाचणाऱ्यांना बॉब डिलन आणि जोन बाएझ आठवतात, ऑगस्ट १९६३च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात गाणारे. आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर डिलन तोंडपाठ असलेले दोघं-तिघं होते. हजारो गाणी लिहिलेले वामनदादा आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातले आहेत, हे त्या कट्ट्यावर कधी कुणी बोललेलं मला आठवत नाही. असो. तक्रार तीही नाही. नाशिकमध्ये गेल्या सव्वाशे वर्षांत जी गाणी रस्त्यावर उतरली, ती लिहिणारा एक आणि वाहून नेणारे भलतेच, असं मला सतत दिसत आलंय. आपण फोटो लावतो लिहिणाऱ्याचा किंवा गाणाऱ्याचा. वाहून नेणाऱ्यांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

जुन्या नाशकातल्या तिळभांडेश्वर गल्लीपासून सुरुवात करू. गोविंद त्र्यंबक दरेकर, म्हणजे कवी गोविंद, ओळखीच्यांचे आबा, तिथे राहायचे. दोन्ही पायांनी अधू. सावरकर बंधूंच्या मित्रमेळ्यात, म्हणजे त्यांच्या क्रांतिकारक संघटनेत, ते आले आणि लावण्या रचणारा हा माणूस स्वातंत्र्याची कवनं रचायला लागला. घराबाहेर पडायचं तर कुणीतरी उचलून न्यावं लागे, पण कवनं गावभर हिंडत होती. मेळ्यातली पोरं गणेशोत्सवात, शिवजयंतीला ती म्हणत फिरायची. पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ही कवनं छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची. ज्याने रचली तो घरात आणि ज्याने छापून लोकांच्या हाती दिली तो अंदमानात. इंग्रज सरकारला गाण्याचं शास्त्र आपल्यापेक्षा बरं कळत होतं, असं मला कधीकधी वाटतं. गाणं धोकादायक होतं ते दुसऱ्याच्या तोंडी गेल्यावर, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं.

त्या शिक्षेचा राग धुमसत होता. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री कलेक्टर जॅक्सन विजयानंद नाट्यगृहात नाटक बघायला आला आणि अनंत कान्हेरेंनी त्याला गोळ्या घातल्या. नाटक होतं 'संगीत शारदा', म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधायच्या रिवाजावर कोरडे ओढणारं. पोटात सुधारणा, ओठांवर पदं, आणि प्रेक्षागृहात पिस्तुल. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आज कान्हेरेंच्या नावाचं मैदान आहे, पण नाशिककर त्याला गोल्फ क्लबच म्हणतो. रिक्षावाल्याला 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' म्हणून बघा, तो दोन क्षण तुमच्याकडे बघेल आणि मग विचारेल, "गोल्फ क्लबला का?" या शहरातले बहुतेक मोर्चे तिथे जमतात. त्यामुळे निदान घोषणा आणि गाणी तरी त्या मैदानाच्या नशिबी येतात.

आता गोदावरी ओलांडून पंचवटीत.

पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचं नाव आज इंद्रकुंडाजवळच्या सभागृहाला आहे. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे, गाणं दरबारातून आणि कोठीवरून काढून चार भिंतींच्या शाळेत आणणारे, काँग्रेसच्या अधिवेशनांत 'वंदे मातरम्' गाणारे पलुस्कर. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी गाण्याला हरकत घेतली, तरी ते थांबले नाहीत. मुंबईची शाळेची इमारत कर्जापायी गेल्यावर पंडितजी रामनामाकडे वळले आणि पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम थाटला. 'रघुपती राघव राजाराम'ची सगळ्या देशाला पाठ असलेली चाल त्यांच्याच नावावर आहे. ती देशाला पाठ झाली कशी? त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमती आश्रमात संगीत शिकवत होते. दांडीयात्रेत एकतारी घेऊन तेच गात चालले. म्हणजे इथेही गुरूची चाल आणि शिष्याचे पाय.

मात्र मला अडवतो तो मार्च १९३० हा महिना. दांडीयात्रा निघाली १२ मार्चला. त्याआधी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र धाडलं, त्यावर तारीख आहे २ मार्च. आणि त्याच २ मार्चला, पंचवटीत, काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. पंधरा हजारांच्या आसपास माणूस नाशकात जमला होता. मिरवणूक मैलभर लांब. तिच्या अगदी पुढे होता बँड, पलटणीतला बँड येणाऱ्या लोकांचा. त्यामागे स्वयंसेवक, मग पाचेकशे बायका, मग बाकीची गर्दी. महार पलटणीतून निवृत्त होऊन गावी आलेली माणसं आपापली वाद्यं घेऊन आली असतील, असं मी डोळ्यांपुढे आणतो. सरकारी पगारावर शिकलेलं कवायतीचं संगीत आता देवळाच्या दाराकडे निघालं होतं.

दारं बंद होती. दुसऱ्या दिवसापासून तुकड्या बसू लागल्या. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बायका, चारही दारांवर. आणि तिथे बसून ते काय करत होते? भजनं म्हणत होते. आत काळ्या पाषाणाचा राम, मध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेल्या मंदिराचे चिरे, आणि बाहेर त्याच रामाची भजनं. तिकडे गुजरातच्या धुळीच्या रस्त्यावर रामधून चाललेली, जिची चाल बांधणाऱ्याचा आश्रम या मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एकच नाव, एकच महिना. एका गाण्याने सगळा देश उठला आणि दुसऱ्याने एक कडी निघाली नाही.

यात पलुस्करांना दोषी धरायचं माझ्या मनात नाही. मला एवढंच म्हणायचंय की गाणं पवित्र आहे, गायक थोर आहे, चाल गोड आहे, याने राजकारणाचा प्रश्न सुटत नाही. कोण कुठे उभं राहून गातंय हे बघावं लागतं. गाभाऱ्यात म्हटलेलं भजन आणि उंबऱ्याबाहेर म्हटलेलं भजन शब्दाला शब्द सारखं असलं, तरी एक प्रार्थना होते आणि दुसरं मागणी.

या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे अशी नाशिक जिल्ह्यातली माणसं पुढे होती. कॉलेजात जाणारे वि. वा. शिरवाडकरही पाठिंब्याला आले होते, पुढचे कुसुमाग्रज. त्यांच्या नावामागे नंतर ज्ञानपीठ आलं, पण काळारामाच्या दारात ते झील धरणाऱ्यांतले एक होते, आणि मला त्यांचा तो तरुण चेहरा जास्त आवडतो.

वर्षांमागून वर्षं गेली, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून जन्मलो, हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर भजनं कुठे गेली असतील? माझा अंदाज असा की ती जलशात गेली. सत्यशोधकांनी तमाशाचं अंग घेऊन, त्यातला शृंगार काढून जलसा घडवला होता. आंबेडकरी मंडळींनी तो पुढे नेला. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगावच्या वस्त्यांत रात्र-रात्र प्रयोग केले. गणपतीला वंदन करणारा गण गेला, त्या जागी जोतिबा, बाबासाहेब आणि पुढे बुद्ध आले. गवळणीतल्या मथुरेच्या बाजाराला आडवा येणारा कृष्ण जाऊन आडवा येऊ लागला सावकार, नाहीतर भट-कुलकर्णी. बतावणीत लोक पोट धरून हसायचे, आणि हसता हसता मेलेली ढोरं ओढायची नाहीत, पोरांना शाळेत घालायचं, हे कानात पडायचं. आपल्या दहा भाषणांचं काम एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणाल्याचं या मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. ते कुणाला उद्देशून म्हटलं यावर दोन म्हाताऱ्यांना वाद घालतानाही मी ऐकलंय.

वामनदादा या जलशांच्या पुढच्या पिढीतले. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. पोटासाठी मुंबईला गेले, गिरणीत आणि मिळेल तिथे राबले. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईतच. १९४३ च्या आसपास पहिलं गाणं केलं, तेही हिंदी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर. त्यानंतर साठ वर्षं तो माणूस पायाला भिंगरी लावून फिरला आणि १५ मे २००४ ला नाशकात गेला. टाटा-बिर्लांची नावं घेऊन 'आमचा वाटा कुठाय' असं विचारणारं गाणं त्यांचं. हे गाणं ऐकलं नाही असा माणूस वस्तीत सापडणार नाही, आणि ते कुणाचं हे न सांगता येणारे मात्र पुष्कळ सापडतील.

हे मी लिहितोय ते एका काकांमुळे. आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतले. प्रेसमध्ये नोकरी केली. इथे प्रेस म्हणजे नोटांचा छापखाना, वेगळं सांगावं लागत नाही. शिफ्ट सुटली की ढोलकी काखोटीला मारून ते कार्यक्रमाला जायचे. वामनदादांच्या मागे त्यांनी किती ठिकाणी साथ केली याचा हिशेब त्यांच्यापाशी नाही. आता ऐंशी ओलांडलीय, बोटं थरथरतात, पण ढोलकीवर पडली की थरथर थांबते.

त्यांच्याकडे एक वही आहे. पुठ्ठ्याच्या बांधणीची, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली. पहिली पानं निळ्या शाईत, मधली जांभळ्या, शेवटची लाल रिफिलने. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर एकच गोष्ट न चुकता लिहिलेली: 'चाल', आणि पुढे सिनेमाच्या गाण्याचा मुखडा. लता, रफी, कुठे एखादी कव्वाली, एका पानावर चक्क आरतीची चाल. कवीचं नाव अर्ध्याअधिक गाण्यांवर नाही. एका गाण्यात 'गिरणी' हा शब्द खोडून वर बारीक अक्षरात 'कंपनी' केलाय, आणि शेजारच्या ओळीत 'कामगार'च्या आधी 'कंत्राटी' घुसवलाय. त्यामुळे मात्रा बिघडते, म्हणून खाली पेन्सिलीने एक 'रे' उडवलाय. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कायम कामगार कमी होऊन ठेकेदाराची पोरं वाढली, तेव्हाची ही दुरुस्ती. मी विचारलं, "काका, दादांच्या गाण्यात तुम्ही हात घातला?" ते म्हणाले, "अरे, गाणं काय सातबारा आहे का, नाव लावायला? समोर बसलेली पोरं कंपनीतली. त्यांना गिरणी काय सांगू?"

काकांचं म्हणणं मला निम्मं पटतं. निम्मं पटत नाही, आणि ते मी त्यांना सांगितलंही. कॅसेटचा जमाना आला तेव्हा वामनदादांची गाणी रिक्षा-टपऱ्यांत वाजत होती, आणि दादा हलाखीतच होते. कीर्तीला नाव लागत नसेल, पैशाला लागतं. काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "दादांनी हिशेब ठेवला असता तर ते दादा झाले नसते." हे उत्तर भारी आहे. पण त्यावर कॅसेटवाला आरामात सुटतो, हेही खरं.

कॅसेटचा विषय निघाला म्हणून शिंदे घराण्याबद्दल दोन वाक्यं. प्रल्हाद शिंदेंचा आवाज आषाढीला विठ्ठलाच्या गाण्यांतून घुमतो आणि चौदा एप्रिलला भीमगीतांतून, आणि दोन्हीकडचे लोक तो आपला मानतात. तेही २००४ सालीच गेले. आनंद-मिलिंद ही पुढची पिढी, आदर्श त्यापुढची. तीन पिढ्यांत कव्वालीच्या मुकाबल्याचा तंबू, मग कॅसेट, मग यूट्यूब, असा बाजार बदलत गेला. घराण्याचा शिक्का मात्र तसाच राहिला. इथे गायक आयकॉन झाला आणि टिकलाही. पण आयकॉन होण्याची किंमत अशी की तुम्हाला सगळ्यांसाठी गावं लागतं.

संयुक्त महाराष्ट्राबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मी त्यात भर घालत नाही. लाल बावटा कलापथकाच्या अण्णाभाऊ आणि अमर शेख यांच्या डफाने ती चळवळ पेटती ठेवली हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. राज्य झालं १ मे १९६० ला. १९६९ च्या जुलैत अण्णाभाऊ गेले, ऑगस्टमध्ये अमर शेख. अण्णाभाऊंचे शेवटचे दिवस कसे गेले हे वाचलं की मंगल कलशाचे फोटो बघवत नाहीत. आता त्यांच्या जयंतीला शहरात फलकांवर दहा-दहा चेहरे असतात, अण्णाभाऊंचा त्यातल्या त्यात मोठा.

फोटोवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी एका स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला काकांच्या जुन्या पथकाला बोलावणं आलं. आयोजक कोण ते सोडून द्या. कार्यक्रमाआधी एक पदाधिकारी पेटीवाल्याच्या कानाशी लागले. गौरवाची गाणी घ्या, जयजयकाराची घ्या, ते वाटा मागणारं तेवढं नको, पाहुणे उद्योजक आहेत. पथकातला तरुण गायक भडकला. काकांनी त्याला बसवलं. पाहुणे उठले, तसबिरीला हार घालायला पुढे झाले, आणि पेटीवर नेमकी तीच चाल सुरू झाली. नुसती चाल, शब्द नाहीत. हरकत घ्यायची कशाला? मागच्या दोन-तीन रांगांतून आधी गुणगुण आली, मग एका बाईचा खणखणीत आवाज, मग सगळी मागची बाजू. मंचावर कुणीच गात नव्हतं. पाहुणे खुर्चीत परत बसले आणि बोटांनी गुडघ्यावर ताल धरू लागले. बहुतेक शब्द कानात शिरले नसावेत. पदाधिकाऱ्यांच्या मात्र शिरले होते.

त्या दिवसापासून तसबिरीबद्दल माझ्या मनात जरा अढी आहे. जिवंतपणी ज्याला सभागृह मिळत नाही त्याचं नाव मेल्यावर सभागृहाला देतात, आणि मग त्याच सभागृहात काय गायचं याची यादी छापील नियमांसोबत येते. गायक एकदा चौकात उभा केला की तो सगळ्यांचा होतो आणि कुणाला काही विचारेनासा होतो.

जे अजून विचारतात त्यांचं काय होतं हेही आपण बघितलंय. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात, दलित वस्तीत, पोलिसांचा गोळीबार झाला, दहा माणसं गेली, आणि त्यानंतर चारच दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. कबीर कला मंच या गाणाऱ्या पथकाच्या शीतल साठे २ एप्रिल २०१३ ला विधानभवनापाशी पोलिसांच्या स्वाधीन झाल्या. आरोप नक्षलवाद्यांशी संबंधांचा. तेव्हा त्या गरोदर होत्या. जूनमध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. त्या काळात नाशकातल्या एका तालमीत एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, गाण्यावरून आत टाकतात का?" मी बाबाराव सावरकरांची हकीकत सांगितली. ती म्हणाली, "ते इंग्रजांचं झालं." यावर मी काय बोलणार होतो.

मोठ्या नावांच्या पलीकडचं गाणं मी पाहिलं ते ६ मार्च २०१८ ला, नाशकातल्या सीबीएस चौकात. किसान सभेचा लाँग मार्च निघाला होता, मुंबईपर्यंत १८० किलोमीटर. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडची माणसं, बहुतेक आदिवासी, वनजमिनीचे पट्टे आणि कर्जमाफी मागत निघालेली. लाल टोप्या, डोक्यावर शिधा, पायात झिजलेल्या चपला. त्यांच्यात पावरी वाजवणारा एक म्हातारा होता. वाळलेला भोपळा, बांबूची नळी आणि टोकाला शिंग असं ते वाद्य. गाल फुगवून तो वाजवत होता आणि भोवती पाच-पन्नास माणसं एकमेकांच्या कमरेला धरून नाचत होती. मुंबईच्या वाटेवर हे चालूच राहिलं, दिवसभर चालून पायाला फोड आले तरी मुक्कामाला पावरी निघायची. शेवटच्या रात्री दहावीच्या पोरांना सकाळी परीक्षेला त्रास नको म्हणून हा मोर्चा अंधारातच शीवहून आझाद मैदानापर्यंत चालत गेला, हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. त्या पावरीत एक शब्द नव्हता. नेता नव्हता, मागणी नव्हती, भीम नव्हता, राम नव्हता. तरी ते राजकीय संगीत होतं यात मला शंका वाटत नाही. दमलेल्या माणसाला उद्या पुन्हा चालायला लावणं, हे झीलकऱ्याचंच काम.

आणि डीजे. चौदा एप्रिलच्या रात्री शालिमारच्या बाजूला उभं राहिलं की छातीच्या फासळ्या वाजतात. गणपतीत तेच, शिवजयंतीला तेच, त्यामुळे एकाच जयंतीकडे बोट दाखवणाऱ्यांशी मला वाद घालावासा वाटतो. आवाजाचा त्रास खराच आहे, म्हाताऱ्यांना आणि लहान बाळांना तर फारच. पण माझी खरी तक्रार निराळी आहे. डीजेला दम लागत नाही. त्याची ओळ संपत नाही, त्यामुळे ती उचलायला कुणाची गरज नसते. पन्नास भोंग्यांपुढे तुम्ही कितीही ओरडा, तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येत नाही. हे मी काकांना मोठ्या ऐटीत सांगितलं. काका म्हणाले, "अन् पोरं नाचतात ते? आमच्या बापाला त्या रस्त्यानं ताठ चालायची चोरी होती. पोरं तिथं रात्री बारापर्यंत नाचतात. ते काय कमी राजकारण आहे?" मग थोड्या वेळाने स्वतःच पुटपुटले, "ढोलकी मात्र ऐकू येत नाही."

मोबाइलने आणखी एक गंमत केलीय. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात, आणि त्यांची गाणी कुठल्याही कंपनीशिवाय घराघरांत गेली. जलशांत बाई उभी राहणं सोपं नव्हतं, काळारामाच्या दारात बसलेल्या त्या पंचवीस जणींची नावंही आपल्याला तोंडपाठ नाहीत, आणि इथे एक बाई एकतारी घेऊन घराच्या ओट्यावर बसते नि लाखो लोक ऐकतात. त्यातले किती म्हणतात, हा प्रश्न उरतो. पुढे पाठवणं ही झील आहे का? अंगठ्याने ओळ उचलता येते का? काकांच्या नातवाच्या मते येते. माझं अजून ठरत नाही.

सध्या काकांच्या घरी रविवारी संध्याकाळी चार-पाच पोरं जमतात. त्यांतली एक निफाडकडची, नाशकात नर्सिंगला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत तशीच राहिली, त्यात तिच्या घरचा कांदा चाळीत सडला. लासलगावच्या लिलावात बापाने काय भाव ऐकला आणि ट्रॅक्टर तसाच कसा परत आणला, ते तिने गाण्यात घातलंय. मागच्या रविवारी त्यावर चांगलीच जुंपली. काकांना ते पोवाड्याच्या चालीत हवं, तिला एका नव्या हिंदी गाण्याच्या. काकांचं म्हणणं, ते गाणं चार महिन्यांत लोक विसरतील. तिचं म्हणणं, कांद्याचा भावही लोक चार महिन्यांतच विसरतात, तोवर चालेल. दुसऱ्या कडव्यात 'क्विंटल' बसत नाही म्हणून काकांनी 'मण' सुचवला. ती म्हणाली, "काका, मणात आता कोण मोजतं? बाजार समितीत क्विंटलच म्हणतात. तुम्ही ढोलकीची एक मात्रा वाढवा." काकांनी ढोलकी मांडीवर घेतली, दोनदा वाजवून बघितली, मान हलवली, तिसऱ्यांदा वाजवली आणि तिच्यावरच डाफरले, "मग म्हण की! बघतेस काय? आणि तुम्ही तिघं, मागं उभे राहा."